बोनेट गार असतानाच जा

अगं, तुला पोलो जीटी आवडलीय तर आवडलीय म्हण ना! एवढी चोरी कशाला? स्वतःच्या पगारातून साठवलेले पैसे आहेत आणि लायसन काढून इतकी वर्षं झाली. रोज बारामती ते इंदापूर ये-जा करतेस. भाऊजी म्हणतात साठ हजार किलोमीटरच्या वर पळालेली गाडी नको. बाबा म्हणतात त्याच पैशांत नवी कोरी साधी गाडी येते. आणि गॅरेजवाला म्हणाला, "ताई, टीएसआय म्हणजे पांढरा हत्ती. इंजिन बसलं की खिसा रिकामा." रात्री पाठ टेकली की तिघांचे आवाज एकदमच कानात घुमत असणार तुझ्या. खरं सांगू का, तिघंही तुझ्या काळजीनंच बोलतायत, पण त्यांच्यापैकी एकानंही ती गाडी अजून डोळ्यांनी पाहिलेली नाही.

तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. टर्बोचं इंजिन बिघडलं तर खर्च मोठा होतो, आणि आपल्याकडे गाडी बंद पडली तर टो करून पुण्याला न्यायची म्हणजे शंभर किलोमीटर. पण बघ, "टीएसआय टिकतं का" या प्रश्नाला कुणीही धड उत्तर देऊ शकत नाही. उत्तर मिळतं ते "ही एक गाडी, या एका माणसाने, कशी वापरली" या प्रश्नाचं. आणि ते शोधायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही गं. सकाळचा वेळ, जरा चौकस नजर आणि "नाही" म्हणायची तयारी, एवढंच लागतं. ते तुझ्याकडे आहे. घरातल्या भाजीपासून बँकेच्या कर्जापर्यंत सगळं तूच तपासून घेतेस की.

आधी थोडी ओळख करून घे, म्हणजे समोरचा नुसती नावं फेकून तुला गप्प बसवणार नाही. आपल्याकडे पोलो जीटी टीएसआय आली 2013 साली. 1.2 लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल, 105 हॉर्सपॉवर आणि सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक. 2020 मध्ये बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम आले तेव्हा हे इंजिन गेलं आणि तीन सिलिंडरचं 1.0 लिटर आलं, 110 हॉर्सपॉवरचं. त्या जीटीला सहा गिअरचा साधा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक मिळाला. 2022 मध्ये पोलोच बंद झाली. म्हणजे "पोलो जीटी टीएसआय" म्हणून विकायला येते ती एकच गाडी नाही, दोन वेगळ्या गाड्या आहेत. दुखणी वेगळी, खर्चही वेगळे. मालकाला पहिला प्रश्न हाच विचार: साल कुठलं आणि इंजिन कुठलं?

आणि ही गाडी परकी आहे, परदेशी आहे, असं बाबा म्हणतात ना? त्यांना सांग, चाकणला बनलीय, आपल्याच जिल्ह्यात. तिच्याशी टक्कर घ्यायला जी आली, ती अबार्थ पुंटोही आपल्याच जिल्ह्यातली, रांजणगावची. 2015 साली आली, 1.4 लिटरचं टी-जेट इंजिन आणि 145 हॉर्सपॉवर. दहा लाखांच्या आत एवढी ताकद तेव्हा दुसरं कुणी देत नव्हतं. आणि तुझं आजोळ वालचंदनगरचं, म्हणून आणखी एक सांगते. इंदापूर तालुक्यातल्या त्या माळावर ज्यांनी साखर कारखाना आणि आख्खी वसाहत उभी केली, त्या वालचंद हिराचंदांनीच 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडायला लागल्या आणि पुढे त्याच पद्मिनी झाल्या. तुझ्या आजोबांच्या पिढीनं एक फियाट घेऊन ती वर्षानुवर्षं चालवली, सेकंडहँड घेतली, थर्डहँडही घेतली. वापरलेली गाडी घेणं म्हणजे कमीपणा असं तेव्हा कुणाला वाटत नव्हतं, तू तरी का वाटून घेतेस?

वालचंदनगरचं नाव मी मुद्दाम काढलं. तिथं साखर कारखान्यांची यंत्रं बनतात, मोठमोठे गिअरबॉक्स बनतात, इस्रोच्या रॉकेटची केसिंग बनतात. त्यामुळे तिथल्या कुठल्याही गल्लीत असा एक तरी निवृत्त माणूस सापडतो ज्याचं आयुष्य यंत्राचा आवाज ऐकण्यात गेलंय. गाडी बघायला जाताना असा माणूस बरोबर ने. दाजी, भाऊ, मित्र नंतर नेता येतील.

आम्ही मागे एक गाडी बघायला गेलो तेव्हा असेच एक काका बरोबर होते. त्यांनी रंग बघितला नाही, सीट बघितली नाही. सरळ बोनेटवर तळहात ठेवला. कोमट लागलं. मालकाला म्हणाले, "सकाळी कुठं जाऊन आलात का?" तो म्हणाला, "नाही, बॅटरी उतरू नये म्हणून जरा चालू करून ठेवली होती." काकांनी हात पुसला आणि म्हणाले, "मग आम्ही उद्या येतो. उद्या चालू करू नका." दुसऱ्या दिवशी बोनेट गारठलेलं होतं. किल्ली फिरवली आणि पहिले दोन-तीन सेकंद आतून खर्रर्र असा पत्र्यावर साखळी घासल्याचा आवाज आला. मग एकदम शांत. मालक म्हणाला, "बघा, किती स्मूथ आहे!" काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "चेन सैल आहे. चला."

त्या आवाजामागचं कारण तुला समजलं पाहिजे, म्हणजे तुला काकांची गरजही पडणार नाही. इंजिनात वरच्या बाजूला व्हॉल्व्ह उघडझाप करत असतात आणि खाली पिस्टन वरखाली होत असतात. दोघांची वेळ जुळवायला एक टायमिंग चेन किंवा टायमिंग बेल्ट असतो. चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की तेल खाली उतरतं. सकाळी सुरू केल्यावर दाब तयार व्हायला दोन-तीन सेकंद लागतात. चेन ताणलेली असेल, टेन्शनर थकलेला असेल, तर नेमक्या तेवढ्या वेळात ती वाजते. तेल पोचलं की गप्प. म्हणून तर विकणारा गाडी आधीच गरम करून ठेवतो. आणि ती चेन एखाद्या दिवशी दातावरून घसरली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भिडतात, मग इंजिनच उघडावं लागतं.

फोक्सवागेनच्या 1.2 टीएसआय या एकाच नावाखाली दोन पिढ्या झाल्या. जुनी चेनवाली, नंतरची बेल्टवाली. चेनवाल्या पिढीत ही सैल होण्याची तक्रार जगभर निघाली. म्हणून तू बघशील त्या गाडीचा इंजिन कोड घे, सर्व्हिस सेंटरला फोन कर आणि विचार, यात चेन आहे की बेल्ट. बेल्ट असेल तर तो कधी बदलला त्याची पावती माग. बेल्टचं आयुष्य नुसतं किलोमीटरवर नसतं गं, वर्षांवरही असतं. दहा वर्षांची गाडी चाळीस हजारच पळाली असली तरी आतलं रबर दहा वर्षांचंच आहे. अबार्थच्या टी-जेटमध्येही बेल्टच आहे, तिथंही हाच प्रश्न विचार. पावती नसेल तर "बदललाय" हा शब्द कानाआड कर आणि बेल्ट, वॉटर पंप, मजुरी हा खर्च किमतीतून वजा करून बोल.

आता तेलाकडे ये. माझ्या मते सगळं इथंच आहे. टर्बोच्या आत एक बारीक दांडा असतो, तो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि त्याच्या एका बाजूला धगधगता एक्झॉस्ट असतो. त्या दांड्याला आधार असतो तो तेलाच्या पातळ थराचा, बस. एकच तेल पुन:पुन्हा तळणीला वापरलं की काळं आणि चिकट होतं, कढईच्या कडेला राळ धरते, हे तुला मी सांगायला नको. टर्बोत नेमकं तेच होतं. तेलाची राळ नळीत बसते, दांड्याला तेल कमी पोचतं आणि टर्बो शिट्टी मारायला लागतो. त्यामुळे कंपनीने पंधरा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष म्हटलंय तर त्यातलं जे आधी येईल ते पाळणारा मालक तुला हवा. तेलही साधं चालत नाही. फोक्सवागेनच्या या पेट्रोल इंजिनांना 502 00 या मानकाचं सिंथेटिक तेल लागतं. मालकाला विचार, "तेल कुठलं घालता?" नाव, ग्रेड आणि डबा दाखवणारा असेल तर पुढं बोल. "गॅरेजवाला घालतो काहीतरी" म्हणणारा माणूस चांगला असेल, पण त्याची टर्बो गाडी आपण घ्यायची नाही.

सर्व्हिसचं पुस्तक बघताना नुसते शिक्के मोजू नको. तारखा आणि किलोमीटर यांची सांगड घाल. एखाद्या वर्षी गाडी वीस हजार पळाली आणि पुढच्या दोन वर्षांत मिळून तीन हजारच, असं दिसलं तर थांब. कदाचित गाडी खरंच उभी होती, कदाचित मीटर मागे फिरवलंय. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. 2319 लिहिलं असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. मीटर म्हणतंय तीस हजार आणि टायरचा तिसरा सेट चालू आहे, असं कसं होईल? ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगचं चामडं, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, ही सगळी मीटरपेक्षा खरं बोलतात.

तेल ओतायचं झाकण उघडून खालच्या बाजूला बोट फिरव. काळं तेल असेल तर घाबरू नको, तेल काळं होतंच. पिवळट पांढरा चिकट थर असेल तर सावध हो. फक्त गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत थंडीत थोडा ओलावा जमतो, पण तसाच थर डिपस्टिकवर दिसला आणि कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग असला तर हेड गॅस्केटचा संशय धरायचा. कूलंटची टाकी मात्र इंजिन गार असतानाच उघड हं, गरम असताना उघडलीस तर उकळतं पाणी तोंडावर येईल. त्यात नुसतं नळाचं पाणी भरलेलं दिसलं, गंजाचा रंग दिसला, तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या इंजिनाने काय सोसलं असेल याची कल्पना कर.

सुरू केल्यावर मागे उभी राहा आणि धूर बघ. हिवाळ्याच्या सकाळी पांढरी वाफ निघते आणि जाते, ती ठीक. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि गोडसर वास येत असेल तर कूलंट जळतंय. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, हे बऱ्याचदा सेन्सरवर भागतं. आणि एक लक्षात ठेव, इंजिन थरथरलं, धक्का दिला, लाइट लागला म्हणजे इंजिन गेलं असं नाही. स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल गेलं तरी गाडी असंच करते आणि ते काही हजारांत निघतं. गॅरेजवाल्यानं तुला "बसलं" म्हणून घाबरवलं तर विचार, "कॉम्प्रेशन बघितलं का?" प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिनाची छाती भक्कम आहे. एक सिलिंडर बराच खाली असेल तर त्या गाडीला नमस्कार कर आणि घरी ये. विकणारा ही टेस्ट करू देत नसेल तर तेही उत्तरच आहे.

खरं सांगू का, 2013 ते 2020 मधल्या जीटीबद्दल मला इंजिनापेक्षा डीएसजीची धास्ती जास्त वाटते, आणि तू मात्र सगळी रात्र इंजिनावर घालवतेस. त्या सात गिअरच्या खोक्यात दोन कोरडे क्लच असतात आणि त्यांना हुकूम देणारा एक मेकॅट्रॉनिक नावाचा भाग. गर्दीत, उकाड्यात, क्लच अर्धवट धरून गाडी रांगत राहिली की ते तापतात. 2013 साली कंपनीने जगभर लाखो गाड्यांमध्ये या गिअरबॉक्सचं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरायची मोहीम घेतली होती, म्हणजे त्रास होता हे त्यांनीच कबूल केलं. मेकॅट्रॉनिक गेला तर लाखांत बोलावं लागतं. म्हणून टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या रस्त्यावरच उरकू नको, तिथं सगळ्याच गाड्या गोड वाटतात. संध्याकाळी भिगवण चौकातल्या गर्दीत घाल. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू पुढं सरकव. थरथर जाणवते का? धक्का बसतो का? मग कालव्याच्या पुलावरच्या चढावर थांब आणि रिव्हर्स टाकून हळूच मागे घे. तिथं कुरकुर निघाली तर क्लच थकलेत. हे सगळं गाडी अर्धा-पाऊण तास चालून गरम झाल्यावर परत कर, कारण डीएसजीचं दुखणं गरम झाल्यावर बाहेर येतं, आणि चेनचं गार असताना. 1.0 लिटरवाली, टॉर्क कन्व्हर्टरची जीटी मिळत असेल आणि पैसे पुरत असतील तर रोजच्या प्रवासासाठी मी तुला तीच घे म्हणेन. जुन्या 1.2 ची मजा वेगळी आहे हे मला माहीत आहे, पण तुला रोज वेळेवर कामावर पोचायचंय.

नंतर भिगवणमार्गे सोलापूर हायवेवर ने. पूर्ण ताकद एकदा मागून बघ, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, वेगाची मर्यादा सांभाळून. टर्बोने एकसारखं ढकललं पाहिजे, मध्येच गचका नको. मोठी शिट्टी नको. आणि ऊस हंगामात, कार्तिक-मार्गशीर्षात, अंधार पडल्यावर ही चाचणी मुळीच करायची नाही. मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली पुढ्यात आली की 105 काय आणि 145 काय, काही उपयोग नाही. हे मी गाडी घेतल्यानंतरसाठीही सांगतेय, ऐकतेयस ना?

आता स्कॅनर. गाडीच्या आत, स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं, त्यात यंत्र लावून गाडीची जुनी-नवी दुखणी वाचता येतात. फोक्सवागेनसाठी व्हीसीडीएस नावाचं साधन असणारा माणूस शोध. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे, तीनचाकी आणि व्हेस्पा बनतात, त्यामुळे आपल्या गावात चांगल्या हाताचे मेकॅनिक भरपूर आहेत. पण ड्युअल क्लचसाठी हाताबरोबर योग्य यंत्रही लागतं. विकणाऱ्याने आदल्या दिवशी सगळे दोष पुसले असतील तर तेही कळतं बरं. पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या "पूर्ण नाहीत" असं दाखवतात आणि त्या पूर्ण व्हायला बऱ्यापैकी चालवावी लागते. आदल्या दिवशीच पुसलेल्या गाडीला विचारायचं एवढंच, काय लपवलंस?

त्याच वेळी रीमॅपचं विचार. हौशी मुलं ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवतात, विकताना मूळ प्रोग्रॅम परत टाकतात. रीमॅप म्हणजे पाप नाही. नीट केलेलं आणि वेळेवर तेल बदललेलं असेल तर इंजिन झेलतंही. पण 105 साठी ठरवलेले कोरडे क्लच त्या वाढीव ताकदीनं लवकर झिजतात, आणि मालक लपवत असेल तर आणखी काय लपवतोय कोण जाणे. सरळ विचार, "स्टेज वन रीमॅप केलं होतं का?" चेहरा बघ. मोठा एक्झॉस्ट, बदललेला एअर फिल्टर, मोकळे कापलेले क्लिप, काढलेल्या गेजची छिद्रं, या खुणा तुला सापडतीलच. तुझी नजर घरात कुणी डबा हलवला तरी ओळखते.

ई-20 पेट्रोलचं तू विचारलं होतंस. बघ, हा प्रश्न आपल्या घरचाच आहे. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर, सगळीकडे उसाचा गाळप हंगाम बघतच आपण वाढलो. आणि आता उसाच्या मळीतून, रसातून निघालेलं इथेनॉल पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळून आपल्याच पंपावर येतंय. शेतकऱ्याच्या दृष्टीनं चांगलंच आहे ते. पण 1 एप्रिल 2023 च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचे रबरी पाइप, सील, गॅस्केट वीस टक्क्यांसाठी बनलेले नव्हते. म्हणून जुनी जीटी घेतलीस तर इंधनाचे पाइप तडकलेत का, पेट्रोलचा वास येतो का, हे दरवेळी सर्व्हिसला बघायला सांग. मायलेज थोडं कमी मिळेल, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानानं एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ऑक्टेन मात्र चांगलं असतं, त्यामुळे टर्बोला नॉकिंगचा त्रास ई-20 मुळे वाढेल असं घाबरायचं कारण नाही. खरी काळजी उभ्या गाडीची आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. शेतावरच्या शेडमध्ये सहा-सहा महिने झाकून ठेवलेली, "फक्त लग्नसराईला काढतो" अशी गाडी ऐकायला छान वाटते, पण तिची टाकी, पंप आणि इंजेक्टर बघून घे. रोज चालणारी, ऐंशी हजार झालेली, तेल वेळेवर बदललेली गाडी मी त्या झाकलेल्या तीस हजारीच्या आधी निवडेन.

आणखी एक, पाण्यातली गाडी. 2019 च्या सप्टेंबरात कऱ्हेला पूर आला तेव्हा बारामतीत नदीकाठच्या वस्त्यांतून माणसं हलवावी लागली, तुला आठवतंय. त्याच पावसाळ्यात सांगली-कोल्हापूर बुडालं होतं. अशा बुडालेल्या गाड्या पुसून-बिसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. सीट बेल्ट पूर्ण शेवटापर्यंत ओढ, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहिलेली असते. स्टेपनीची खोबण उघड. डॅशबोर्डखाली हात घाल आणि बोटाला माती लागते का बघ. पाणी इंजिनात शिरलेली गाडी आज गोड चालेल, पण वायरिंग पुढं तुला दर पावसाळ्यात छळेल.

कागदांचं पटकन सांगते, कारण त्यात तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. आरसीवरचा इंजिन नंबर आणि चॅसी नंबर गाडीवरच्याशी स्वतः जुळव. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35. ट्रान्सफरला फॉर्म 29 आणि 30. गाडी पुण्याची असेल तर आपल्या एमएच-42 ला आणायला तिकडच्या आरटीओची एनओसीही लागेल. थकलेली ई-चलनं विकणाऱ्याकडूनच भरून घे. विमा चौदा दिवसांत तुझ्या नावावर करून घ्यायचा. त्याचा नो क्लेम बोनस तुला मिळत नाही, त्यामुळे प्रीमियम थोडा वाढेल. विम्याचा जुना क्लेमही विचार, मोठा अपघात झाला असेल तर तिथं दिसतो.

आता पैशांचं, इथं मी तुझं ऐकणार नाही. जेवढी रक्कम जमवलीस तेवढी सगळी गाडीवर घालायची नाही. समजा पाच लाखांची ऐपत आहे, तर गाडी चार लाखांची बघ आणि एक लाख वेगळ्या खात्यात टाक. घेतल्यावर लगेच इंजिन ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल बदलून घे, मागच्याने कालच बदललं असं सांगितलं तरी. म्हणजे तुझी मोजणी शून्यापासून सुरू होते. उरलेल्या पैशांना साडी, सोनं, भाच्याचं बारसं, कशासाठीही हात लावायचा नाही. वर्षभरात काही निघालं तर तिथून जाईल, नाही निघालं तर पुढच्या वर्षीचा बेल्ट त्यातूनच होईल. त्या पैशांमुळे तुला रात्री झोप लागेल, माझं ऐक.

अबार्थकडे मन ओढत असेल तर तेही सांगते. गाडी सुंदर आहे, स्टिअरिंगला जीव आहे, आणि गिअरबॉक्स हाताचा असल्यानं डीएसजीची भीतीच नाही. पण फियाटनं आपल्याकडे गाड्या विकणं 2019 च्या सुमारास थांबवलं. भाग मिळतात, वाट बघावी लागते. घरात दुसरी गाडी असेल तरच. तुझ्याकडे सध्या स्कूटर आहे आणि पावसात तुला रोज इंदापूरला जायचंय, म्हणून मी पोलोवरच थांब म्हणते.

आणि चालवताना दोनच सवयी लाव. सकाळी सुरू केल्यावर पहिले पाच-सहा किलोमीटर मऊ चालव, तेल गरम होऊ दे. हायवेवर जोरात येऊन घरासमोर थांबलीस की लगेच किल्ली काढू नको, अर्धा-एक मिनिट तशीच चालू ठेव, टर्बोला गार व्हायला. तेवढ्यात पर्स आवर, मोबाइल बघ, आईला फोन कर.

शनिवारी ज्या माणसाकडे जाणार आहेस त्याला शुक्रवारी रात्रीच फोन करून ठेव. सांग, "दादा, आम्ही सकाळी सातला येतोय, तोवर गाडी चालू करू नका." तो "अहो चालू केली तरी काय फरक पडतो" म्हणाला तर आवाज चढवू नको, पण वेळ मात्र बदलू नको. बरोबर टॉर्च घे, जुना सुती रुमाल घे हात पुसायला, स्कॅनरवाल्याचा नंबर घे. गाडी आवडली तरी त्याच दिवशी टोकन देऊ नको. घरी ये, चहा घे, सगळं एका कागदावर लिही, मग मला फोन कर. दुपारी मी घरीच आहे.